बावीस नंबर कुणाचा

पुलांचे नकाशे काढणाऱ्या त्या कचेरीत सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘किल्लीवाल्या बाई’ म्हणत. कुठला फोल्डर कुणी उघडायचा, कुणी नुसता बघायचा आणि कुणी त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, हे त्या ठरवत. मशीन खोटं बोलत नाही, असं त्या येताजाता सुनावत. त्यांच्यावर विश्वास ठेवायची सवय सगळ्यांना लागली होती, आणि इथेच तर घोडं पेंड खातं.

गुरुवारी सकाळी थोरले इंजिनिअर, म्हणजे कचेरीचे साहेब, तणतणत आले.

“बाई, मोठ्या पुलाच्या नकाशावर महिनाभराच्या दुरुस्त्या होत्या. त्यावर कुणीतरी जुना नकाशा सेव्ह केला आणि तोच साइटवर गेला! नशीब, तिथल्या माणसाने ओळखला. कोणाचा प्रताप हा?”

बाईंनी फाईल बघितली. बदल मंगळवारचा, मालक बावीस नंबर. बावीस म्हणजे दोन वर्षांपूर्वी लागलेली ड्राफ्ट्समन मुलगी. बाईंनी कागद छापला आणि साहेबांच्या हातात दिला. मुलीला बोलावून घेतलं.

“ताई, मी त्या फाईलला हातसुद्धा लावला नाही. मंगळवारी दिवसभर खांबांच्या नकाशावर होते.”

“मशीनचं तुझ्याशी काय वैर आहे का?” बाई म्हणाल्या. बोलताना नजर कागदावरच होती.

साहेबांनी तिला कामावरून कमी करायचं पत्र चार वाजेपर्यंत तयार ठेवायला सांगितलं.

दुपारी बाई डबा उघडून बसल्या, तोच मेकॅनिकचा फोन आला. “मंगळवारी पहिल्या सर्व्हरचा पंखा बदलला ना, आता आवाज नाही ना करत?” बाईंचा घास हातातच राहिला. मंगळवारी पहिला सर्व्हर बंद, म्हणजे सगळं काम दुसऱ्यावर चाललं होतं.

सर्व्हर दोन, डिस्क दोघांत एक. एक आजारी पडला की दुसरा काम बघतो. पण डिस्कवर फाईलच्या मालकाचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. तो नंबर कुणाचा, याची यादी सर्व्हरकडे असते, आणि ती दोघांची एकच ठेवावी लागते. नाही ठेवली तर प्रत्येक सर्व्हर आपल्या मनाने, जो आधी येईल त्याला पुढचा नंबर देत सुटतो. दुसरा सर्व्हर बसवणाऱ्याने हे बजावलं होतं. बाईंनी वरची दहा नावं ताडून बघितली, जुळली, आणि बाकीचं नंतर बघू म्हणून सोडून दिलं. शितावरून भाताची परीक्षा! पण कचेरीत लवकर येणारी दहा माणसं वर्षानुवर्षं तीच, त्याच क्रमाने येणारी. ती जुळणारच. गोंधळ अकराव्यापासून पुढे होता.

मंगळवारी दोघातिघांनी ‘माझा फोल्डर उघडत नाही’ अशी कुरकुर केली होती. पासवर्ड नीट टाका म्हणून बाईंनी त्यांना पिटाळलं होतं.

त्यांनी दुसऱ्या सर्व्हरची यादी उघडली. तिथे बावीस नंबर थोरल्या इंजिनिअरांचा होता. साहेब रोज अकराला येत.

ती यादी वाचता येणारं कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. वीस वर्षांत नावाला बट्टा नाही, हेही बाईंच्या मनात येऊन गेलं; उगाच का खोटं बोला. काचेपलीकडे मुलगी खण रिकामा करत होती. पट्टी, कप, खुर्चीवरचा स्वेटर. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरी वळली आपण. बाईंना स्वतःची शरम वाटली. डबा तसाच टाकून त्या उठल्या.

“साहेब, मंगळवारचा बावीस नंबर तुमचा आहे. ती पोरगी नाही. आणि यादीची चूक सगळी माझी.”

“माझा?” साहेब उसळले. मग हळूहळू खाली बसले. “मंगळवारी घरच्या लॅपटॉपमधली प्रत सेव्ह केली खरी मी... ती जुनी होती?”

साहेबांनी पत्र फाडलं. मग दोघं मिळून मुलीच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांसमोर चूक कबूल केली. साहेबांनी माफी मागितली, बाईंनीही मागितली.

“सकाळी मी हेच सांगत होते, ताई,” ती म्हणाली. “तुम्ही कागदाकडे बघत होतात.”



शुक्रवारी त्यांनी दोन्ही सर्व्हरची यादी एक केली, जुन्या फाईलींचे मालक दुरुस्त केले आणि एकेकाला बोलावून दोन्ही पडद्यांवर त्याचं नाव दाखवलं. माणसं “ठीक आहे, ठीक आहे” म्हणत मान डोलावून जात होती. मुलगी शेवटी आली. तिने एका पडद्यावर आपल्या नावाखाली बोट ठेवलं, दुसऱ्यावर ठेवलं, नंबर पुटपुटत वाचला.

“पुन्हा एकदा दाखवा,” ती म्हणाली.

बाईंनी पुन्हा दाखवला. या वेळी त्या पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या.