वरचा घोडा, खालचा घोडा

मला घोडा म्हणतात. शेपूट नाही, आयाळ नाही, चारापाणी लागत नाही. सात पायऱ्या, चार पाय आणि ते फाकू नयेत म्हणून मध्ये एक साखळी. माळ्यावरचा डबा काढायचा असला, गेलेला बल्ब बदलायचा असला की "जरा घोडा आण" अशी घरात हाक येते, तोच मी. आधीच सांगून टाकतो, मी जळकुटा आहे. लाकूडच मी, दुसरं काय करणार?

एका सुताराने मला एका रंगाऱ्यासाठी बनवलं. रंगारी मोठा मजेदार माणूस. माझ्यावर उभा राहून तो गात गात भिंती रंगवायचा आणि सांडलेला रंग माझ्या अंगावर वाळायचा. माझ्या चौथ्या पायरीवर आजही अकरा रंग सापडतील. पुढे त्याचे गुडघे गेले, धंदा बंद झाला आणि त्याने मला शेजाऱ्यांना देऊन टाकलं. तेच माझे मालक. नकाशांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते.

रिटायर झालेली माणसं कुंड्यांना पाणी घालतात, मुलांना फोनवर सल्ले देतात. मालकांनी दगड धरले. शहरातल्या जुन्या दारांवर, कमानींवर मोठमोठ्या घराण्यांची चिन्हं कोरलेली असतात. मध्ये ढाल, तिला धरून उभा एखादा प्राणी, खाली काहीबाही अक्षरं. ऊनपावसाने सगळं झिजलेलं. ते कुठल्या घराण्याचं हे ओळखायचं आणि वहीत चित्र काढून ठेवायचं, हा मालकांचा नवा नाद.

ही चिन्हं काही हाताला येतील अशी नसतात, त्यामुळे माझी वर्णी लागली. सकाळचा चहा झाला की मालक मला खांद्यावर टाकायचे. मागून बाई, म्हणजे मालकांची बायको, पाण्याची बाटली, स्पंज आणि जुना टूथब्रश घेऊन यायच्या. माझा एक पाय पहिल्यापासून आखूड. बाई त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायच्या आणि मालक खाली उतरेपर्यंत मला धरून उभ्या राहायच्या. हे नऊ वर्षं चाललं.

पहिले काही दिवस मला फार कौतुक वाटलं. मग एकेक डोळ्यांत खुपायला लागलं. मालक त्या दगडांशी बोलायचे. मुंडकं उडालेल्या सिंहाला "काय रुबाब आहे बघा" म्हणायचे. ओल्या स्पंजने त्याची पाठ अशी पुसायचे, जणू तान्ह्या बाळाला आंघोळ घालताहेत. आणि हे सगळं कोणाच्या पाठीवर उभं राहून? माझी तिसरी पायरी दोन वर्षं कुरकुरत होती, तिला कधी विचारलं नाही.

बाईंनाही ते सलायचं. एकदा त्या खालून म्हणाल्या, "सिंहाच्या मानेवरून एवढा हात फिरवताय. परवा माझी मान धरली होती, तेव्हा बाम कुठे ठेवलाय हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"अगं, हा चारशे वर्षं उभा आहे," मालक वरून म्हणाले.

"मीही उभीच आहे," बाई म्हणाल्या. मला बाई फार आपल्या वाटल्या.

मग ते कापडाचं दुकान आलं. त्याच्या दारावर रंगाच्या थरांखाली गुदमरलेली एक ढाल होती आणि शेजारी एक प्राणी. डोकं तुटलेलं, शेपूट तुटलेली, जेमतेम धड आणि एक पाय शिल्लक. दुकानदार म्हणाला, "काका, सोमवारी इथे बोर्ड ठोकायचाय. पुढे आलेलं सगळं छिन्नीने उडवणार. तुम्हाला काय बघायचं ते त्याआधी बघून घ्या."

मालकांनी जुन्या इमारतींच्या ऑफिसात धाव घेतली. तिथले साहेब म्हणाले, "सिंहवाल्या घराण्याच्या ढाली शहरात पैशाला पासरी आहेत, त्यासाठी मी कोणाचं दुकान अडवणार नाही. पण घोडेवाल्या घराण्याची एकही उरलेली नाही. घोडा असेल तर शनिवारी दुपारपर्यंत लेखी द्या, लगेच थांबवतो."

घोडा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझंच नाव लावून हा तिथे वर मिरवणार?

मालकांना दुसरं काही सुचेना. जेवताना घोडा, झोपेत घोडा. शुक्रवारी सकाळी ते पाचव्या पायरीवर चढले, रंग खरवडता खरवडता त्यांनी त्या दगडाला गाल टेकवला आणि हळूच म्हणाले, "घोडा निघ रे राजा. आयुष्यभर तुझीच वाट पाहिली."

आयुष्यभर म्हणे. मग मी कोण?

मी हललो. बोटभरच, पण मुद्दाम हललो. मालक खाली आले ते हातावरच. मनगट मोडलं, दुपारी प्लास्टर घातलं. घरी आल्यावर बाई माझ्या आखूड पायाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं. पुठ्ठा नीट बसला नसणार." मालक म्हणाले, "तुझी काही चूक नाही." दोघांपैकी एकालाही माझा संशय आला नाही. मला त्या क्षणी कोणी चुलीत घातलं असतं तरी चाललं असतं.

शनिवारी मालक गळ्यात हात अडकवून पुन्हा त्या दुकानापुढे हजर. मला दुकानदाराने उचलून आणलं होतं. मालकांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तसं बाईंनी त्यांना मागे ओढलं.

"बाजूला व्हा. मी चढते."

"तुला उंचावर गरगरतं."

"नऊ वर्षं तुमच्या टाचा बघतेय. आज तुम्ही माझ्या बघा."

त्यांनी पुठ्ठ्याची घडी बसवली, दोनदा दाबून पाहिली, चपला काढल्या आणि चढल्या. एका पायरीवर दोन्ही पाय टेकल्याशिवाय त्या पुढची पायरी घेत नव्हत्या. मी श्वास रोखून धरला. तिसऱ्या पायरीलासुद्धा कुरकुरू दिलं नाही. बाईंनी केसातला आकडा काढला आणि त्या दगडी पायावरचा रंग पोपडा पोपडा करून उकरायला लागल्या. अर्धा तास गेला.

"अहो, याला बोटंच नाहीत."

"नीट बघ. सिंहाला बोटं असतात."

"बघतेय ना. एकच आहे, अख्खं, खाली सपाट. खूर आहे हा." मग त्यावरून बोट फिरवून म्हणाल्या, "घोडा आहे हो."

मालकांनी चांगल्या हाताने मला घट्ट धरलं होतं. त्यांनी माझ्या पायरीवर कपाळ टेकलं आणि रडायला लागले. नऊ वर्षांत पहिल्यांदा असे मायेने माझ्याजवळ आले, तेही त्या दगडासाठी.

फॉर्म बाईंनी भरला, मालकांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता ना. 'काय आढळले' या रकान्यात त्यांनी अगदी मन लावून लिहिलं: 'वरचा घोडा दगडी. खालचा घोडा लाकडी, त्यावर चढून पाहिले.' ऑफिसात शिक्का बसला. सोमवारची छिन्नी थांबली.

महिन्याभराने साहेब फाईल घेऊन घरी आले. "दगडी घोड्याला नंबर घातला. दुसरा कुठे आहे?"

"दुसरा कोण?" मालक म्हणाले.

"लाकडी. दोन घोड्यांची नोंद झालीय."

बाई तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या आणि मला बाहेर घेऊन आल्या. साहेबांनी मला खालीवर न्याहाळलं आणि कपाळाला हात लावला. "काका, झालेली नोंद खोडायची तर वरची मंजुरी लागते. दोन वर्षं जातील. त्यापेक्षा नंबर घालतो. तुम्ही फक्त सांभाळा." त्यांनी माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने सत्तेचाळीस लिहिलं. तो दगडी शेचाळीस. निघताना म्हणाले, "आता यावर चढायचं मात्र नाही. नोंदलेली वस्तू आहे."

तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी उभा आहे. पाहुणे मला बघायला येतात, हसतात, फोटो काढतात. बाई मला ओल्या स्पंजने पुसतात. मालकांनी वहीत माझं चित्र काढलंय, तिसऱ्या पायरीच्या भेगेसकट. ज्या ज्या गोष्टींसाठी मी त्या दगडावर जळत होतो, त्या सगळ्या मला मिळाल्या.

आणि रोज सकाळी चहा झाला की मालक अॅल्युमिनियमची नवी शिडी खांद्यावर टाकतात. हडकुळी, खडखडणारी, पायांना रबरी टोप्या, पुठ्ठा नको की काही नको. आता वर बाई चढतात आणि खाली मालक धरतात. दुपारी दोघं एकाच वेळी बोलत घरी येतात, कोणाचंच धड ऐकू येत नाही. शिडी दारामागे उभी राहते, तिच्या पायऱ्यांवर बाईंच्या पावलांची माती असते. मी बघतो आणि जळतो.

तुम्ही कधी आलात आणि ते दोघं घरात नसले, तर माझा फोटो काढत बसू नका. तो नंबर विसरा आणि माझ्यावर चढा. वर काही काम नसलं तरी चढा. मी हलणार नाही.