मांडव चुकलेला मामा

शालिग्रामभाऊंना या वेळी मुहूर्त गाठायचाच होता. थोरल्या भाचीच्या लग्नात ते पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि नवरीच्या मागे मामा म्हणून शेजारचा भिकन उभा होता. कमलबाईनं, म्हणजे बहिणीनं, ते सहा वर्षं विसरू दिलं नव्हतं. आता धाकटी ज्योती. हिच्या मागे आपणच उभं राहायचं, मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर.

सावद्याहून बोलेरो भल्या सकाळी निघाली. टपावर मांडवाच्या दारासाठी मामाकडचे केळीचे खांब. गाडी चालवायला मुलगा कुंदन, मागे बायको बेबाबाई. लग्न नवरदेवाच्या गावी, धुळ्याच्या पलीकडे. ते गाव तिघांपैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. कुंदननं मोबाईलवर रस्ता लावला, तो भाऊंनी बंद करायला लावला.

"त्या मोबाईलमधल्या बाईले आपला खान्देश काय माहीत?"

धुळं मागे पडलं आणि पुढे एक गाडी दिसली. तिच्याही टपावर केळीचे खांब. भाऊंनी मांडीवर थाप मारली. "हे आपल्या सावद्याचे. एवढी जाड केळ इकडं व्हते का कुठी? लाव मागं."

"कोणाले तरी इचारा," बेबाबाई म्हणाल्या.

"इचारासारखं काय आहे त्याच्यात?"

केळ ओळखण्यात भाऊंचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. खांब सावद्याचेच होते. सावद्याचे खांब दुसऱ्याच्याही लग्नाला जातात, एवढं फक्त त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मांडवात शिरताच कुणी गुलाबी फेटा बांधला, कुणी हाताला धरून पंगतीत बसवलं. नवरीकडच्यांना वाटलं नवरदेवाकडचे, नवरदेवाकडच्यांना वाटलं नवरीकडचे. लग्न लागायला अवकाश होता, भाऊ निवांत जेवत होते. तिसऱ्या बट्टीवर तूप पडत असताना बेबाबाईंनी समोरचा फलक वाचला.

"अहो, इथली नवरी तर मोहिनी हाये."

भाऊंनी हातातला घास पानात टाकला. ते उठू लागले तर यजमान पुना आबांनी खांदा दाबला. "पाहुना, पानवरतून उठानं नही."

भाऊंनी खरं काय ते सांगून टाकलं. आबा पोट धरून हसले, मग घड्याळ पाहून त्यांचीच घाई उडाली, कारण तेही चार भाच्यांचे मामा होते. गल्ली पाहुण्यांच्या गाड्यांनी गच्च भरलेली, बोलेरो निघणं शक्यच नव्हतं. आबांनी घरचं लग्न सोडून स्वतःची मोटारसायकल काढली, भाऊंना मागे बसवलं आणि शेतातल्या रस्त्यानं सुसाट सोडली.

खऱ्या मांडवात भटजी दोनदा बोलावून गेले होते. भिकन याही वेळी तयार होता. पण ज्योती खोलीतून हलत नव्हती. "मामा येत नही तोवर मी उठत नही," एवढंच तिचं म्हणणं.

भाऊ धापा टाकत दारात आले. कमलबाईनं त्यांना खालून वर न्याहाळलं. "मिशीले तूप कशानं लागनं?"

वाटभर जुळवलेली सगळी कारणं भाऊ विसरले. भाची आपल्यासाठी अडून बसली आहे हे पाहून त्यांना भरून आलं, आणि एवढा बाप्या माणूस उंबऱ्यावरच हुंदके देऊ लागला.

ज्योतीनं तो परक्या मांडवातला फेटा पाहिला आणि मुंडावळ्या हलेपर्यंत हसली. मग उठून तिनं त्यांचा दंड धरला.

"चला मामा. आज रडानं काम मनं शे, तुमनं नही."