सेराफिमचा चाळिसावा दिवस

माझ्याच दारावर काळ्या चौकटीचा कागद चिकटवलेला बघितला आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या या विदिन शहरात माणूस गेला की असा कागद दारावर, खांबावर, बसथांब्यावर लावतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा नवा लावतात. पण यावरचं नाव होतं सेराफिम, माझ्या कादंबऱ्यांमधला पोलीस. त्याला मीच मारला होता, चाळीस दिवसांपूर्वी आलेल्या शेवटच्या पुस्तकात, चांगला पानभर, मजेत.

इतकी वर्षं त्यानं माझं घर चालवलं, हे मान्य. पण दुसरं काही लिहू दिलं नाही मेल्यानं. मला एकच पुस्तक लिहायचं होतं, माझ्या बाबांचं. ते डॅन्यूब नदीवर फेरीबोट चालवायचे. दर वेळी प्रकाशक म्हणायचा, आधी एक सेराफिम द्या. आता माझी साठी उलटली. बाबांना ओळखणारं दुसरं कुणी उरलं नाही. मी लिहिलं नाही तर ते माझ्याबरोबरच संपतील.

"मलीना, दार उघड गं! हात मोकळे नाहीत माझे." शेजारची त्सोना साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचं भांडं घेऊन उभी होती. मागे तिचा नवरा वेल्को, वाईनची बाटली घेऊन.

"त्सोना, तो माणूस नव्हता. नुसती शाई होती."

"शाई म्हणे! मारताना काही वाटलं नाही, आणि आता त्याच्या नावानं घासभर गहू खायला जड जातंय होय?"

वेल्कोनं मृतासाठी थोडी वाईन माझ्या धुतलेल्या फरशीवर सांडली. "देव त्याला क्षमा करो. आणखी दहा वर्षं सहज काढली असती गड्यानं."

वाचकाचं प्रेम फार गोड असतं असं लेखक मुलाखतीत सांगतात, मीही सांगितलंय. प्रत्यक्षात ते घरात शिरतं, खुर्ची ओढून बसतं आणि जायचं नाव घेत नाही. मी चिडून टेबलावरची नवी पानं उचलली. म्हटलं, ऐका आता, हे माझं खरं पुस्तक.

वाचलं. धुक्यात बोट चालली आहे. एक बाई रडते आहे. बाबा खिशातून अक्रोड काढून तिच्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, "रडून घे. काठ यायला अजून वेळ आहे."

त्सोनानं डोळे पुसले. मला फार आनंद झाला. जमलं होतं!

"म्हणजे सेराफिम मेला नाही तर!" त्सोना म्हणाली. "बोटीवर लपवलास होय त्याला? लबाड कुठली!"

"अगं, हे माझे बाबा आहेत."

"असतील बाई. पण खिशात अक्रोड ठेवणारा आणि रडणाऱ्याशी असं बोलणारा आम्हाला एकच ठाऊक आहे. काय हो?"

"तोच," वेल्को म्हणाला आणि खुशीत ग्लास भरायला लागला.

ते गेल्यावर मी पानं पुन्हा वाचली. बाबांच्या खिशात अक्रोड असायचे का? की मीच ते सेराफिमला दिले आणि मग त्याच्याकडून उसने घेतले? विचारायचं कुणाला? मी घाबरून डोळे मिटले. बाबांचा निदान आवाज तरी आठवावा म्हणून जीव एकवटला. त्यांनी मला लहानपणीसारखी हाक मारली, अगदी स्पष्ट.

आवाज सेराफिमचा होता.