खिडकीकडच्या खुर्चीची कमाई

मालकाने भाडं वाढवलं, तेव्हा पार्लरवाल्या ताईने महिन्याचा हिशेब मांडला, आणि नेहमीप्रमाणे दोन खुर्च्यांचा मांडला. दाराकडची खुर्ची तिची, खिडकीकडची धाकट्या बहिणीची. बहीण लग्न होऊन परगावी गेली त्याला दोन वर्षं होत आली, तरी तिची खुर्ची कमावतच होती. कमावणार नाही तर काय? एक गिऱ्हाईक आपल्या खुर्चीत झालं की ताई दुसरं खिडकीकडे बसवायची आणि ते पैसे बहिणीच्या रकान्यात लिहायची. स्वतःच्याच डोळ्यांत धूळ फेकायची ही कला बाईने अगदी मन लावून साधली होती.

आता मात्र आकडे ऐकेनात. वीज, केसांचे रंग, क्रीमचे डबे, टॉवेलांची धुलाई, ड्रायरची दुरुस्ती, आणि वर हे भाडं. तोंडमिळवणी करता करता नाकी नऊ आले. कमी तरी काय करणार? गिऱ्हाइकांचा चहा आधीच बंद झाला होता आणि मदतीला बाई ठेवायची ऐपत कधी नव्हतीच.

तोडगा सुचवला तो समोरच्या शिवणवाल्या मावशींनी. मालक तोच, त्यामुळे भाडं त्यांचंही वाढलं होतं. त्यांनी आपलं दुकान सोडायचं, ताईने खिडकीकडची बाजू त्यांच्या मशीनला द्यायची, निम्मं भाडं त्या भरणार. हो म्हटलं तर खुर्ची जाणार आणि दुकान तरणार. नाही म्हटलं तर दोन्ही जाणार. ताईला हे कळत होतं, पण वळत नव्हतं.

संध्याकाळी मावशी उत्तर घ्यायला आल्या. ताईने वही पुढे सरकवली.

"बघा ना, ही खुर्ची जवळजवळ माझ्याइतकंच कमावते. चालता धंदा कसा मोडू?"

मावशींनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "अगं, माझं मशीन तुझ्या खिडकीसमोरच आहे. दिवसभर दिसतं मला. परवा त्या शाळेतल्या बाईंना अर्धा रंग लावून झाल्यावर उठवलंस आणि इकडे आणून बसवलंस."

"इकडे उजेड बरा येतो."

"येत असेल," मावशी म्हणाल्या. "धाकटी परत येणार आहे का?"

"येईन म्हणते. दर फोनला म्हणते."

"आणि तू?"

"मी म्हणते, तुझी खुर्ची आहे गं."

ताईने वही मिटली. दिवसभर ती दुसऱ्यांच्या सासवा, नवरे, पोरांच्या परीक्षा ऐकत असे. तिची चौकशी करायचं कुणाच्या मनातही येत नसे, आणि दुकानाचं शटर ओढताना ते फार लागायचं.

"उद्या मशीन आणा," ती म्हणाली.

मावशी उठल्या, पण दाराशी थबकल्या. "ही वेणी कसली गं? टोकं केरसुणीसारखी झालीत. पार्लरवालीचे केस असे?"

"मागचं मला दिसत नाही. ती कापायची, सुट्टीच्या दिवशी."

"मग जायचं दुसऱ्या कुठल्या पार्लरात."

"आणि काय सांगू? माझे केस कापायला कुणी नाही म्हणून?"

मावशींनी पिशवी खाली ठेवली. "कात्री दे. तुझी दे, माझीने कापड कापते मी. सरळ रेघेपलीकडे मला काही येत नाही, आधीच सांगते."

ताई खिडकीकडच्या खुर्चीत बसली. मावशींनी तिच्या गळ्याभोवती टॉवेल खोचला, वेणी सोडली, कंगवा फिरवला. मानेला त्यांची गार बोटं लागली.

"किती कापू?"

हा प्रश्न ताई रोज विचारायची. उत्तर द्यायची वेळ आली तर तिचे डोळेच भरून आले. मावशींना आरशात सगळं दिसलं. त्या कंगवा फिरवत राहिल्या.

"सांग सावकाश. मला कुठे जायचंय?"

केस झाले. जरा तिरकेच झाले. ताईने वही उघडली, दोन रकान्यांचा एक केला आणि खर्चाच्या खाली नवी ओळ लिहिली: स्वतःचे केस, दर महिन्याला.

"वेडी आहेस का? मी पैसे घेणार नाही," मावशी म्हणाल्या.

"घ्या मावशी," ताई म्हणाली. "फुकट येणारं माणूस कधी यायचं बंद होईल, सांगता येत नाही."