कोपरानं उघडणारी तोटी

आमच्या ह्यांच्या मनात एखादी गोष्ट बसली की बसली. मग ताटातलं जेवण थंड होवो की बायको बोंबलो, यांचं ध्यान तिथंच. आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या साली, फागुनात, यांच्या मनात बिअरची तोटी बसली होती.

तवा आम्ही चिखल्याले खाणीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे फिटर. बाजूच्या क्वार्टरमध्ये मंगरू अन् त्याची बायको धुरपता. मंगरू खाली खाणीत, दगडाले भोकं पाडायच्या मशिनीवर. दोघांची दोस्ती अशी का पगार झाला की येणाऱ्या रविवारी तुमसरहून बिअरची बाटली आणायची अन् आमच्या मागच्या मोहाच्या झाडाखाली बसून वाटून प्यायची. ओतायचं काम मंगरूचंच. तो गिलास तिरपा धरे अन् इतक्या हळू ओते की फेस काठावर येऊन उभा राहे, खाली थेंब पडे नाही. मले दारूचा तिटकारा, लपवून कायले ठेवू, पण त्याचं ओतणं मी खिडकीतून पाहतच राहत होती.

मग मंगरूचे हात कापायले लागले. आधी बिडी पेटवताना, मग शर्टाचं बटन लावताना, मग सदान्‌कदा. नागपूरच्या डॉक्टरनं नसांच्या बिमारीचं लांबलचक नाव सांगतलं अन् गोळ्या लिहून देल्ल्या. चेहराही थिजून गेला त्याचा, आतून हसला तरी बाहेर दिसे नाही. त्यानं आपणहून काम सोडलं. होळी झाली की सिहोऱ्याले भावाच्या शेतावर राहायले जायचं ठरलं.

त्यातच एका रविवारी गिलास त्याच्या हातातून सांडून राहिला, तं आमच्या ह्यांनी तो धरून त्याच्या तोंडाले लावला. मायेनंच लावला, पण लावायले नको होता. मंगरू उठला, घरात गेला, अन् त्या दिवसापासून आमच्या आंगणात आला नाही. घरी धुरपता त्याले भरवे, तेही दार लोटून.

"तो असा गेला तं जन्मभर माझ्या मनातून जाणार नाही," हे मले म्हणाले. "त्याले त्याच्या हातानं घेता आलं पायजे. बाटली उचलायची नाही, कोणाले मागायची नाही. तोटी पायजे, रुखमा."

मी म्हटलं, पिणारे तुम्ही अन् डोकं माझं कायले खाता. पण मंगरूचं नाव काढलं की माझं तोंड बंद होई. माझं लहानगं तापानं फणफणलं होतं तवा त्याले खांद्यावर टाकून नाकाडोंगरीच्या जंगलातून दवाखान्यात पळणारा तोच होता.

तुमसरच्या सोडावाल्या परसरामनं जुनी स्टीलची टाकी देल्ली, ज्यात सोडा बनवत तीच, अन् संगं गॅसचा लहान सिलिंडर. बाटल्या टाकीत रिकाम्या करायच्या, वरून गॅस सोडायचा, ओलं पोतं गुंडाळून थंड ठेवायचं. इतकं झालं. राहिली तोटी. तवापासून आमच्या घरात तोट्याच तोट्या. चुलीजवळ तोटी, देवाजवळ तोटी, तांदूळ निवडायले सूप घेतलं तं सुपात तोटी.

मी झोपली की सपनातही त्याच येत. मोहाच्या झाडाले फांदीफांदीवर तोटी लागली आहे, मी एक उघडते अन् त्यातून पाणी नाही, दारू नाही, सकाळचं कोवळं ऊन वाहून राहिलं आहे. झाडाखाली मंगरू उभा, हात अगदी शांत. जाग येई तं खिडकीतून मोहफुलांचा गोड वास घरभर पसरलेला अन् बाहेर फुलं टप टप पडून राहिलेली. ते सपन मी यांले सांगतलं नाही, उगाच आणखी तोट्या आणल्या असत्या.

पहिली तोटी पितळेची, पाण्याच्या पिंपाले असते तशी. मी त्या तोटीत ताक भरून सकाळी ठेवलं अन् दुपारी यांले चाखायले लावलं. तोंड कडवट झालं त्यांचं. आंबट वस्तू बिनाकल्हईच्या पितळेत कळकते, हे बाईमाणसाले सांगायची गरज नाही. अन् ती पिळून उघडायची, कापणाऱ्या हातानं पिळणार कसा? दुसरी आणली प्लास्टिकची, दाबायची. ती दाबली का सारा फेस माझ्या लुगड्यावर. मी अशी बोलली का हे पुरा दिवस तलावाच्या पाळीवर जाऊन बसले.

ते परत आले तवा मी धान पाखडून राहिली होती. पाखडता पाखडता मले भंडाऱ्याचा दवाखाना आठवला. बाळंतपणात मी पडल्या पडल्या पाहिलं होतं, डॉक्टरीणबाई हात धुवायले तोटीले हात लावत नव्हती. लांब दांडी होती, ती कोपरानं ढकले. मी यांले म्हटलं, हातच कापतात ना त्याचे, कोपर तं नाही कापत. हे माझ्याकडे असे पाहत राहिले का मलेच लाज वाटली.

तशी तोटी भंगारवाल्याकडे भेटली. कल्हईवाला आला तवा माझ्या सैपाकाच्या गंजांसंगं तिले आतून कल्हई करून घेतली. यांनी दांडी आणखी लांब केली, स्प्रिंग लावली. कोपरानं ढकललं की उघडे, सोडलं की आपोआप बंद होई. मी ताक भरून दिवसभर ठेवलं, चाखलं, चव बदलली नव्हती. मले इतका आनंद झाला जसं काही मीच पिणार होती.

होळीच्या आधीचा रविवार. जंगलात पळस पेटला होता, दुपार कलली होती, सारी वस्ती झोपेतच चालल्यासारखी. टाकी मोहाच्या झाडाले बांधली. मी धुरपताले सांगतलं, अन् तिनं मंगरूले काय सांगतलं देव जाणे, पण तो आला. सावकाश, पाय घासत आला अन् तोटीसमोर उभा राहिला. त्याच्याकडे पाहायचं नाही असं आमचं ठरलं होतं. म्हणून आम्ही तिघं तलावाकडे तोंड करून बसलो.

मागून दांडीचा आवाज आला. कोपरानं उघडली त्यानं, पहिल्या झटक्यात. मग काचेचा आवाज आला, गिलास तोटीवर खणखण आपटून राहिला होता, अन् मग तो दगडावर फुटला.

महिनाभर आम्ही तोटी निवडली, चाखली, कल्हई केली, अन् गिलास धरायले हातच लागतो हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. असे भैताड आम्ही. यांनी मान खाली घातली. मंगरू आता घरी जाईल अन् तसाच सिहोऱ्याले जाईल, हे मले समजलं.

पण पावलांचा आवाज आला नाही. राहवलं नाही म्हणून मी वळून पाहिलं. मंगरूनं काचा पायानं बाजूले सारल्या. दोन्ही हातांची ओंजळ केली, झऱ्यावर पाणी पितात तशी, ती तोटीखाली धरली अन् कोपरानं दांडी ढकलली. ओंजळ कापत होती, बिअर बोटांतून गळत होती, मनगटावरून कोपरापर्यंत वाहत होती. तो वाकला अन् प्याला. ओंजळीतून कोणाचं सांडत नाही? माझंही सांडते, तुमचंही सांडते. त्याचा चेहरा तसाच थिजलेला, पण खांदे हलून राहिले होते. तो हसत होता, मले पक्कं माहीत आहे.

मी उठली. जिंदगीत कधी दारूले बोट लावलं नव्हतं मी. पदर खोचला, जाऊन ओंजळ धरली, अन् त्यानं माझ्यासाठी कोपर दाबलं. कडू जहर होतं माय, पण प्याली. मग धुरपता प्याली. सगळ्यांचे कोपर ओले, सगळ्यांच्या पायाखाली चिखल, वरून मोहाची फुलं त्या चिखलात पडून राहिली होती.

हे तेवढे बसून होते. डोळे पुसत होते, उठायची हिंमत होत नव्हती. मंगरूनं तोटीले पाठ लावली, कोपर दांडीवर टेकवलं अन् यांले हाक मारली.

"ये गा फिटर. ओततो मी."

हे आले, ओंजळ धरली. मंगरूनं आपल्या आंगाचा सारा भार कोपरावर देल्ला अन् जराशी, अगदी जराशी दांडी ढकलली. धार बारीक आली. ओंजळ भरली, फेस काठावर येऊन उभा राहिला, अन् मंगरूनं बरोब्बर तिथं दांडी सोडली.

त्या दिवशी मंगरूच्या ओतण्यातला थेंब सांडला तं आमच्या ह्यांच्या हातून. त्यांचेच हात कापत होते.