मॉस्कोच्या घड्याळातला रविवार

माझ्या नवऱ्याने लग्न माझ्याशी केलं, पण संसार मॉस्कोच्या घड्याळाशी. एकतीस वर्षं झाली. आमच्या देशात रॉकेट कुठल्याही कोपऱ्यातून सुटो, कागदावर वेळ मॉस्कोचीच लिहायची, हा या धंद्याचा नियम. ठीक आहे, पण कामावरचा नियम कामावर ठेवून घरी यावं ना माणसाने? रोदिओनने तो मनगटाला बांधून घरी आणला. आम्ही राहतो अमूरकडच्या जंगलात, मॉस्कोच्या सहा तास पुढे. इथे आम्ही दुपारचं जेवून हात धुतो, तेव्हा हा म्हणतो, "अजून सकाळ आहे. मला नुसता चहा दे."

मी कापितोलिना गेर्मानोव्ना, जवळच्यांसाठी नुसती कापा. उड्डाणाचं वेळापत्रक मी बनवते. उपग्रहात इंधन कधी भरायचं, त्याच्यावर टोपण कधी चढवायचं, रॉकेट आगगाडीवर आडवं घालून मैदानात कधी न्यायचं, उभं कधी करायचं, सगळं मिनिटामिनिटाने. चार मीटर लांब कागद होतो. त्याच्या अगदी शेवटी रोदिओनचं नाव आणि पुढे दोन शब्द: किल्ली फिरवणे. मैदानाजवळच्या तळघरात एक पॅनेल आहे, त्यावर ती किल्ली. ती फिरली की पुढचं यंत्रं बघून घेतात. चाळीस वर्षांत रोदिओनने ती त्रेसष्ट वेळा फिरवली. चौसष्टावी शेवटची, कारण निवृत्तीच्या आदेशात स्वच्छ लिहिलं होतं: सेवेचा शेवटचा दिवस रविवार, सोळा जून.

या वेळी वर जायचा होता तो हवामानाचा उपग्रह. त्याला रोज सूर्याबरोबर ठरलेली वेळ पाळायची असते, म्हणून त्याचा मुहूर्तही रोज एकच. इथे पहाटे पाच एक्केचाळीस, म्हणजे मॉस्कोत आदल्या रात्रीचे अकरा एक्केचाळीस. चुकला की चोवीस तास थांबा. शनिवारी पहाटे सोडायचा होता, तर वर वारा फार. रविवारी पहाटे सोडायचा, तर विजांचा नुसता धिंगाणा. हवामान बघायला निघालेल्याला हवामानानेच दारात अडवलं म्हणून कँटीनमधल्या बायका पोट धरधरून हसल्या. मी नाही हसले. चार मीटर कागद दोनदा नव्याने लिहायचा म्हणजे काय असतं ते मलाच ठाऊक.

रविवारी सकाळी बैठक झाली. आमचा प्रमुख यारोस्लाव इग्नात्येविच, वयाने आमच्या मुलाएवढा, सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला, "उद्या पहाटे आकाश निरभ्र आहे. त्यानंतर आठवडाभर पाऊस. तेव्हा उद्याच."

रोदिओन उभा राहिला. "उद्या सोमवार आहे."

सोमवारी रॉकेट सोडत नाहीत, हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही माहीत. कुठे लिहिलेलं नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही.

"कागदावर रविवारच आहे, रोदिओन येफिमोविच," यारोस्लाव समजुतीने म्हणाला. "सोळा तारीख, अकरा एक्केचाळीस."

"रॉकेट कागदावरून सुटत नाही, जमिनीवरून सुटतं. आणि जमिनीवर सोमवार असेल. तुम्ही खुशाल सोडा. किल्ली माझ्या हाताखालचा ग्लेब फिरवेल, तयार झालाय तो. मी हात लावणार नाही."

एवढं बोलून तो निघून गेला. टोपी टेबलावरच राहिली. माझा नवरा रॉकेट विसरेल, पण टोपी विसरायचा नाही. ती उचलून मी त्याच्यामागे घरी गेले.

हा स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलत होता. दोन माणसांना वीस बटाटे!

"पलटण जेवायला येणार आहे का?" मी टोपी त्याच्यासमोर आपटली. "चाळीस वर्षं त्या किल्लीपायी घालवलीस. पोराच्या लग्नातसुद्धा निम्मं लक्ष तिकडे. आणि आता शेवटची फिरवायची तर ग्लेब फिरवेल?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! मला सांग, मनातून तुला नको आहे का?"

त्याने सुरी खाली ठेवली. "नको कशी असेल? त्या किल्लीची स्वप्नं पडतात मला, कापा. म्हणूनच तर. सोमवारी फिरवली आणि वर काही झालं तर? पोरं तीन वर्षं खपलीत त्या उपग्रहावर. जाता जाता त्यांच्या कष्टांवर पाणी ओतलं, तर उरलेलं आयुष्य तोंड कुठे लपवू?"

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण या माणसाशी गोड बोलून आजवर कधी काही साधलेलं नाही.

"माझी साठी आठवते?" मी विचारलं.

"तिचं इथे काय?"

"आठवते का ते सांग. पाहुणे आले, गेले. भांडी घासली, मी झोपले. तू कामावर. पहाटे चारला दार वाजलं. हातात फुलं, आणि वर म्हणालास, उशीर कसला, मॉस्कोत अजून तुझा वाढदिवसच आहे. म्हणालास की नाही?"

"म्हणालो."

"मी फुलं घेतली की नाही?"

"घेतलीस. एक फेकून मारलंस."

"एकच!"

"सात होती. एक गेल्यावर सहा उरली. सम आकड्याची फुलं आपल्यात मढ्याला देतात, म्हणून मी जिन्याखाली जाऊन ते शोधून आणलं."

"बघ! तेव्हा जमिनीवर किती वाजले होते ते तुला दिसलं नाही. एकतीस वर्षं जेवताना, झोपताना, भांडताना तुझी मॉस्कोची वेळ! आणि आजच बरी जमीन आठवली? मी जन्मभर तुझ्या मॉस्कोत नांदले, रोद्या. तू एक रात्र नांद. तिथे रविवार आहे."

त्याने मनगट वळवून घड्याळ पाहिलं. बाहेर दुपारचे बारा वाजले होते.

"मॉस्कोत सकाळचे सहा," तो हळूच म्हणाला. "रविवारचे."

"मग?"

"मग इतक्या सकाळी बटाटे कोण खातं?" आणि हसला बाई एकदाचा. पण लगेच तोंड उतरलं. "अगं, पण माझा आत जायचा पास? इनेसा रात्री बाराला बंद करणार. इथल्या बाराला. दारातूनच आत घेणार नाहीत."

इनेसा ल्वोव्ना आमच्या कर्मचारी विभागाची प्रमुख. नियमाला इतकी पक्की की सख्ख्या बहिणीलाही ओळखपत्र मागेल. रविवार असल्याने ती तिच्या मळ्यात स्ट्रॉबेरी तोडत होती. मी फोन लावला.

"आदेश म्हणजे आदेश, कापा," ती म्हणाली. "सोळा तारीख संपली की बाराच्या ठोक्याला पास बंद."

"कुठल्या बाराच्या?"

"म्हणजे?"

"आदेशात वेळ कुठली ते लिहिलंय का?"

पलीकडे तिने डासाला मारलेली चापट ऐकू आली.

"लिहिलेलं नाही," इनेसा म्हणाली.

"मग केंद्राच्या प्रत्येक कागदावर जी वेळ चालते, तीच याच्यावर चालणार. तूच सांग, इनेसा, नियमाने काय होतं?"

नियमाचं नाव काढलं की ती विरघळते. "नियमाने होतं मॉस्को," ती कुरकुरत म्हणाली. "पण नवऱ्याला सांग, मॉस्कोच्या बाराला, इथल्या सहाला, मी स्वतः फाटकावर उभी असेन. एक मिनिट जास्त मिळायचं नाही."

पाच एक्केचाळीस ते सहा. एकोणीस मिनिटं शिल्लक राहणार होती त्याच्या नोकरीची.

निघण्याआधी आम्ही आमच्या रीतीप्रमाणे क्षणभर गप्प बसलो, तो स्टुलावर, मी बटाट्यांच्या पोत्यावर. मग तो तळघरात गेला आणि मी माझ्या कागदापाशी.

पहाटे ऊन छान पडलं होतं. मी एकेका ओळीवर खूण करत खाली येत होते. पाच पस्तीसला कर्ण्यातून त्याचा आवाज आला, "किल्ली फिरवली." दोनच शब्द. माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. पाच एक्केचाळीसला खिडकीच्या काचा थरथरल्या, टेबलावरचा चहा हिंदकळला, आणि जंगलावरून रॉकेट सरळ वर गेलं.

पण आमच्याकडे तेवढ्यावर टाळ्या वाजवत नाहीत. उपग्रह रॉकेटपासून सुटा होऊन बोलू लागला तरच खरं, आणि त्याला तासभर होता. सहाला मी खिडकीतून पाहिलं. फाटकावर इनेसा, एका हातात स्ट्रॉबेरीचं भांडं, दुसरा हात पुढे. रोदिओनने पास काढून त्या हातावर ठेवला आणि बाहेर गेला. आता आत काय होतंय ते त्याला कुणी सांगू शकत नव्हतं.

सहा अडतीसला उपग्रह सुटा झाला आणि बोललाही. खोलीत एकच कल्ला उठला. यारोस्लावने बियांचा पुडा उधळला. मी या वयात तीन जिने धावत उतरले.

फाटकाबाहेरच्या बाकावर दोघं बसले होते. इनेसा त्याच्या तोंडासमोर स्ट्रॉबेरी धरत होती आणि तो लहान मुलासारखा मान फिरवत होता. मला पाहून उठला. चेहरा पांढरा फटक.

"सुटला," मी म्हणाले. "बोलतोय. छान बोलतोय रे!"

तो रडला, अगदी इनेसासमोर, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. मग त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, चावी ओढली आणि काटे पुढे फिरवू लागला. एक तास, दोन, तीन. सहा तास पुढे आणून थांबला.

"हे काय करतोस?" मी विचारलं.

"आता तिथेही सोमवार लागला," तो म्हणाला. "आता हरकत नाही. चल घरी, कापा, मला भूक लागलीय."

सात वाजता मी ते वीस बटाटे तळले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघांनी एकाच सकाळी नाश्ता केला.