ट्विलासाठी निवडलेली बंदूक

मी एक छोटी बंदूक बोलतेय. छोटी म्हणजे किती, तर बाईमाणसाच्या तळहातावर मावेन एवढी. कमरेला खोचा, वरून ढगळ सदरा घाला, शेजारी बसलेल्याला पत्ता लागायचा नाही. मोठ्या बंदुकांना लोक भिंतीवर टांगून मिरवतात. माझ्यासारखीचं सगळं आयुष्य कापडाखाली जातं.

कारखान्यातलं मला फार आठवत नाही. यंत्रांनी कापलं, तासलं, तेलात बुडवलं. शेवटी लाल नखांच्या एका बाईनं मला उघडून मिटून पाहिलं आणि जांभई देत खोक्यात घातलं. आपल्या जन्माला कुणी जांभई दिली, हे विसरता येत नाही.

मग मी मर्लच्या बंदुकांच्या दुकानात आले. काचेच्या पेटीत दहा जणींच्या रांगेत पडून होते. तिथे एका सकाळी हॉलिस नावाचा म्हातारा आपल्या मुलीला घेऊन आला. ती ट्विला. तिशी ओलांडलेली, केस घट्ट बांधलेले, डाव्या गालाच्या हाडावर पिवळट पडत चाललेला डाग. मर्लनं डाग पाहिला आणि पाहिलाच नाही असं दाखवलं. त्या गावात तशीच रीत आहे.

"नवऱ्याला सोडलंय तिनं," हॉलिस म्हणाला. "त्यानं जवळ यायचं नाही, हत्यार बाळगायचं नाही, असा कोर्टाचा हुकूमही झालाय. पण डॅरेलला वाचता कुठे येतं?"

"वाचता येतं त्याला, डॅडी," ट्विला म्हणाली. "ऐकता येत नाही."

मर्लनं हिरव्या कापडावर आम्हा तिघींना मांडलं. ट्विलानं आधी मधली उचलली. ती माझ्यापेक्षा दणकट होती. ट्विलाची बोटं तिच्यावर नीट बसली, खांदेही जरा खाली आले. "ही बरी वाटते," ती म्हणाली.

"हाताला बरी, पण पोटावर उंचवटा येतो," मर्ल म्हणाला. "आरशासमोर ये."

त्याची निवड करायची पद्धत ठरलेली. कमरेला बंदूक लावून बाईला आरशासमोर कुशीनं वळून उभी करायची. मग वाकून चमचा उचल म्हणायचं, वरच्या फळीवरचा डबा काढायला लावायचा, स्टुलावर बसवायचं. कुठे सदरा ताणला, कुठे मूठ दिसली, की ती बंदूक बाद. मधली वाकतानाच दिसली. मी कशातच दिसले नाही.

"हीच," हॉलिस म्हणाला. "तिच्यासारखीच किरकोळ आहे."

"डॅडी, हिचा खटका फार घट्ट आहे हो."

"सवय होईल, पोरी."

आरशात सगळं पाहून झालं. पण हिचा दिवस कुठे जातो, एवढं मात्र कुणी विचारलं नाही. मर्लनं नाही, बापानं नाही, आणि तिलाही ते सांगायचं सुचलं नाही.

लहान आहे म्हणून मी मऊ असेन, असं लोकांना वाटतं. खरं उलटं आहे. अंगात वजन नाही, त्यामुळे माझा सगळा धक्का धरणाऱ्याच्या हातात जातो. सरावाला नेलं तेव्हा ट्विलानं वीस गोळ्या झाडल्या आणि अंगठ्याजवळचं मांस सुजलं. दुसऱ्या दिवशी तिला कामावर बटाटे सोलता येईनात. पुन्हा सरावाला ती गेलीच नाही. मी तिच्या कमरेला होते, पण आमची ओळख झाली नाही.

तिचं काम म्हणजे म्हाताऱ्यांच्या आश्रमातलं स्वयंपाकघर. दारावर बंदुकीचं चित्र आणि त्यावर लाल आडवी रेघ. आत न्यायची नाही. ट्विला नियम पाळणारी. रोज सकाळी आपल्या छोट्या ट्रकमध्ये बसल्या बसल्या मला कमरेवरून काढायची, समोरच्या कप्प्यात ठेवायची, हात झटकायची आणि आत जायची. आठ तास ती आत, मी बाहेर उन्हात तापतेय. जिच्या अंगावर दिसू नये म्हणून मला निवडलं, तिच्या अंगावर मी दिवसभर नसायचेच.

त्यात हॉलिसनं एक कारभार केला. ट्रकच्या मागच्या काचेवर हाताएवढा कागद चिकटवला. 'या गाडीत भरलेली बंदूक आहे. हात लावण्याआधी विचार कर.'

ट्विला बघतच राहिली. "डॅडी, ही लपवून बाळगायची होती ना?"

"लपवायची तुला आहे. मला त्याला सांगायचंय."

त्याला कळलं, ते असं. एका दुपारी, आत जेवणाचं वाढप चालू असताना, ट्रकच्या दाराची काच फुटली. हात आत आला, कप्पा उघडला. डॅरेलला शोधावंसुद्धा लागलं नाही. त्यानं काचेवरचा कागद वाचून दाखवल्यासारखा मोठ्यानं म्हटला आणि हसला. मग मला खिशात घातलं. मी ओरडू शकत नाही. आमच्या जातीला एकच आवाज येतो, आणि तोही दुसऱ्याच्या बोटानं.

पोलीस आपल्या खोलीची झडती घेतील हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं मला त्याच्या आईच्या घरी नेलं. तिथे पडवीत मोठा आडवा फ्रीजर होता. हरणाच्या मांसाच्या पिशव्या, चिरलेली भेंडी, आणि लोण्याचे रिकामे डबे धुऊन त्यात घातलेलं उरलंसुरलं. त्या बाजूला कुठलीही बाई लोण्याचा डबा टाकत नाही. त्यातल्याच एका डब्यात मला घालून त्यानं तळाशी सरकवलं. त्या गारठ्यात मी चार दिवस होते.

त्या चार दिवसांत काय झालं, ते मला नंतर ओपलच्या तोंडून कळलं. ओपल म्हणजे डॅरेलची आई; तिकडे वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आदरानं 'मिस' म्हणतात. हाताशी काम असलं की ती स्वतःशी बोलायची. ट्विलाचा तिला फोन आला होता. "मिस ओपल, माझी बंदूक चोरीला गेलीय. कुणी नेली ते मला माहीत आहे. मी झोपत नाही. दाराला कपाट लावून बसते." ओपलनं सुनावलं होतं, "माझ्या पोरात शंभर खोड्या असतील, पण तो चोर नाही." आणि फोन आपटला होता.

पाचव्या दिवशी, शनिवारी, तिनं शेंगांचा डबा समजून माझा डबा काढला. हलवला. आतून टक्‌कन आवाज आला. झाकण उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. मला वाटलं होतं ती किंचाळेल. तिनं मला पुसण्याच्या फडक्यात गुंडाळलं, चर्चला न्यायच्या पर्समध्ये रुमाल आणि पेपरमिंटच्या गोळ्यांशेजारी ठेवलं, आणि डब्यात शेंगा भरून तो होता तिथे परत ठेवला. मग मक्याचा पाव भाजायला घेतला, कारण डॅरेल जेवायला येणार होता.

तो आला. पर्स खुर्चीच्या पाठीला लटकत होती, त्याच्या कोपरापासून वीतभर. मी सगळं ऐकत होते.

"भेंडी खारट झालीय, ममा."

"मग मीठ नको घेऊस वरून."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "फ्रीजरमधला तळाचा एक डबा मी उद्या नेणार आहे. हात लावू नकोस."

"काय आहे त्यात?"

"मासळीचं आमिष."

"आणि रविवारी चर्च सोडून मासे?"

"चर्चलाच जाणार आहे. ट्विला येते ना तिथे. गाड्या लावायच्या जागेत दोन शब्द बोलायचेत. ती ऐकेल असं काहीतरी बरोबर नेतोय."

ओपलचा चमचा ताटलीवर थांबला. "डॅरेल, कोर्टानं..."

"ममा. मी बायकोशी बोलणार आहे. माझ्याच बायकोशी."

ओपल उठली. तिनं भट्टीतून पीचचा केक काढला. निम्मा कापून त्याच्यापुढे ठेवला, वर आइस्क्रीम घातलं. "खा," म्हणाली. "घाई करू नकोस. मी शेजारच्या मिस लॉटीकडून साखर आणते." पर्स उचलली आणि निघाली.

मिस लॉटीचं घर डावीकडे होतं. गाडी उजवीकडे वळली. वाटेत ती एकदाच बोलली. "लहानपणी डॅरेलचे कान मी धुतलेत. हेच कान."

शेरीफच्या कचेरीत वेस्ली नावाचा तरुण पोलीस बसला होता. त्याला तिनं चर्चमधल्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. तिनं फडकं उलगडलं. वेस्लीनं माझ्यावरचा नंबर ट्विलाच्या चोरीच्या तक्रारीशी ताडून पाहिला आणि आवाज खाली आणला.

"मिस ओपल, ही ट्विलाची. मी असं करतो, रस्त्याकडेला सापडली लिहितो. तुमचं नाव कशाला यात?"

"रस्त्याकडेला सापडली लिहिलंस, तर तो उद्या दुसरी आणेल," ओपल म्हणाली. "लिही. माझ्या फ्रीजरमध्ये होती. माझ्या मुलानं ठेवली. उद्या चर्चबाहेर तिला गाठणार म्हणाला, हे माझ्या कानांनी ऐकलं. खाली माझं नाव घाल, पूर्ण घाल, ओपल जून टॅकेट."

वेस्लीचं पेन हलेना.

"लिही रे बाळा. आणि लवकर कर. तो माझ्या टेबलाशी केक खातोय. संपायच्या आत जा. पोटभर खाऊन तुरुंगात जाऊ दे, पण जाऊ दे."

मग ती बाकावर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरली, जणू अजून मी आतच होते.

डॅरेलला अकरा महिन्यांची कैद झाली. मी कचेरीच्या मागच्या खोलीत एका पिशवीत आहे, पिशवीला चिठ्ठी बांधलीय. ट्विला एकदा आली होती. वेस्लीनं मला तिच्यासमोर ठेवलं. तिनं मला उचललं नाही. आधी विचारलं, "मिस ओपलकडे जातं का कुणी? गावात तिच्याशी कुणी बोलतं का?"

"फारसं नाही," वेस्ली म्हणाला.

"आणि तो कधी सुटतो?"

"पानगळीच्या सुमाराला."

तिनं पिशवी वेस्लीकडे परत सरकवली. "राहू दे अजून इथेच," म्हणाली. "माझं ठरलं नाही." तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं अजून गेली नव्हती.

बायांनो, बाप्यांनो, मी कुणाला बंदूक घ्या म्हणत नाही, घेऊ नका असंही म्हणत नाही. माझ्या बोलण्याला तेवढी किंमत नाही. एवढंच सांगते, माझ्यासारखीला निवडायला याल तेव्हा आरशात बघून निवडू नका. घेणारीचा सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस समोर मांडा. ती कुठे जाते, मला कुठे ठेवणार, आणि ते आणखी कुणाकुणाला ठाऊक आहे, हे विचारा. तिच्या हाताला विचारा, झेपेल का म्हणून. उत्तर नाही आलं, तर मला काचेतच राहू द्या.

मला कमरेची हौस उरली नाही. पानगळीला दोन महिने आहेत. तोवर तिला कुणीतरी शांत झोप मिळवून द्या. ते माझ्यानं झालं नाही. जे काही झालं, ते एका म्हाताऱ्या बाईनं केलं, आणि ती आता एकटी जेवते.